दानीएल ड्रायव्हरचा हँडब्रेक

केडगावात त्या वेळी चारचाकी गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतली एक दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दानीएल उजागरेच्या अंगणात उघडी पडलेली असे. गाडी त्याची नव्हती. ती डॉक्टर हिवाळ्यांच्या फिरत्या दवाखान्याची, लष्कराच्या लिलावात मिळालेली जुनी जीप होती आणि दानीएल तिचा ड्रायव्हर होता. बाकीची माणसं चर्चमधून आली की मटणावर ताव मारून आडवी होत. हा आडवा व्हायचा तो जीपखाली, आणि काम एकच करायचा. हँडब्रेकचे शू काढायचे, उजेडात धरून बघायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे. जरा झिजल्यासारखे वाटले तर नवे टाकायचे. शेजारी म्हणत, लोक नखं काढतात तसा दानीएल शू काढतो. गल्लीला हसायला काहीतरी लागतंच.

हसणाऱ्यांना एवढंच ठाऊक होतं की दोन वर्षांपूर्वी या हँडब्रेकपायी एक माणूस मेला. त्यापुढचं जे होतं ते फक्त दानीएलला ठाऊक होतं. त्यानं ते लिडियाला, म्हणजे आपल्या बायकोलाही सांगितलं नव्हतं.

जीपचा हँडब्रेक मोटारीसारखा चाकांत नसतो. गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे एक लांब लोखंडी शाफ्ट जातो. त्याच्या तोंडाशी पातेल्याएवढा ड्रम असतो आणि ड्रमच्या आत कोयरीसारखे वाकडे दोन शू. वर बसून दांडी ओढली की शू फाकतात, ड्रमला आतून घट्ट धरतात आणि शाफ्ट जागच्या जागी अडकतो. शू बदलायचे तर आधी शाफ्ट सोडवा, मग मोठा नट काढा, मग ड्रम ठोकून ठोकून बाहेर घ्या. त्यातून स्प्रिंगा अशा खाष्ट की हातातून सुटल्या तर थेट डोळ्यावर. हे काम नगरच्या गॅरेजवाल्याला द्यावं असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. दानीएल आधी डॉक्टरांची ॲम्बेसेडर चालवायचा, आणि तिची सगळी दुरुस्ती घरी करायचा. तो म्हणाला, "साहेब, त्यांना काय येतंय? मी घरीच करतो." त्याचा हा स्वभावच. आपल्या हातावर त्याचा फार जीव होता, आणि तो जीव जरा चारचौघांत मिरवायचीही हौस होती.

म्हणून एकाहत्तरच्या मार्चमध्ये एका रविवारी त्यानं पहिल्यांदा घरी शू टाकले. स्प्रिंगा हरवू नयेत म्हणून लिडियानं त्या पदरात धरल्या होत्या. दुपारी काम झालं, तेव्हा त्यानं जीप गल्लीच्या तोंडाशी उतारावर नेऊन उभी केली, दांडी ओढली आणि चार माणसांना ढकलायला लावली. जीप इंचभर सरकली नाही. चौघांत सगळ्यांत जास्त जोर लावला तो गहिनीनाथनं. गहिनीनाथ दवाखान्यात जखमा बांधायचं काम करी, जीपबरोबर गावोगाव फिरे, आणि दानीएलला मामा म्हणे. अठ्ठावीस-एकोणतीसचा, अंगानं सडपातळ, सदा काहीतरी चघळत असलेला. घाम पुसत तो म्हणाला, "मामा, हिला आता बैल लावले तरी हलायची न्हाई." दानीएलला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी पाथर्डीच्या बाजूला फेरी होती. करंजीचा घाट चढताना मागचं डावं चाक बसलं. दानीएलनं जीप कडेला घेतली, दांडी ओढली, जॅक लावला. डॉक्टर पुढच्या गावात आदल्या दिवशीच गेले होते, गाडीत हे दोघंच. गहिनीनाथ खाली उतरला आणि कुणी न सांगता, रस्त्याच्या कडेचा एक चांगला मोठा धोंडा उचलून घेऊन आला. चढावर गाडी थांबली की चाकामागं दगड लावायचा, हे त्या रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. दानीएल जॅकचा दांडा मारत होता. वर न बघता तो म्हणाला, "टाक तो धोंडा. काल नवे शू टाकलेत, बघितलंस ना? स्टेपनी काढ पटकन, ऊन चढतंय."

"बरं मामा," गहिनीनाथ म्हणाला, आणि हसून त्यानं तो धोंडा दरीकडे भिरकावला. धोंडा खाली गडगडत गेला. बराच वेळ गडगडत होता. मग गहिनीनाथ स्टेपनी काढायला जीपच्या मागं गेला.

चाक जमिनीवरून सुटलं आणि जीप जॅकवरून उतरून सरळ मागं गेली. मागं रस्त्याचा दगडी कठडा होता. त्या दोन्हींच्या मध्ये गहिनीनाथ होता.

पंचनाम्याला जमादारानं विचारलं, "दगड का लावला नाही?" दानीएलनं उत्तर दिलं, "मी त्याला लावायला सांगितला होता. तो विसरला." वाक्य इतकं सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच कळेना हे कोण बोललं. जमादारानं ते लिहून घेतलं. झालं. मेलेला माणूस उलटून काही बोलत नाही, आणि दानीएलसारख्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणाऱ्या माणसाच्या शब्दावर संशय कोण घेणार? ब्रेक नवा होता, ड्रायव्हर जुना होता, चूक मेलेल्याची ठरली.

ते वाक्य पोलिसांच्या कागदात राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ते रस्त्याला लागलं. घाटात चढणारे ट्रकवाले आपल्या क्लीनरला म्हणू लागले, "दगड लाव रे, गहिनीनाथ होऊ नको." वर्षभरात हे नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर पोचलं. दानीएल चहा पीत असे आणि शेजारी कुणीतरी ते म्हणे, आणि लोक हसत. म्हणणाऱ्याला गहिनीनाथ कोण हेही माहीत नसे. दानीएल कप तसाच ठेवून उठे. आणि त्या हसण्याच्या मागून त्याला धोंडा गडगडत गेल्याचा आवाज येई, दरवेळी तितकाच वेळ.

गहिनीनाथची बायको रंगुबाई आणि म्हातारी आई छबूबाई, दोघीच मागं राहिल्या. भाऊबंदांनी गावात बोलून बोलून नको केलं, पोरगा वेंधळाच होता, आपल्या मरणाला आपणच कारण. डॉक्टरांनी रंगुबाईला दवाखान्यात झाडलोटीला लावलं आणि मागच्या गल्लीत एक खोली बघून दिली. म्हणजे रोज सकाळी जीप काढायला दानीएल दवाखान्याच्या अंगणात गेला की समोर खराटा घेऊन ती उभी. तो मान खाली घालून दार उघडायचा. दोन वर्षांत तिच्याशी तो चार वाक्यं बोलला नसेल.

आणि मग दगड सुरू झाले.

पहिला दगड त्याला दवाखान्याच्या अंगणात दिसला. अंगण फाटकाकडे जरासं उतरतं होतं. तो जीप लावून आत किल्ली ठेवायला गेला, पाच मिनिटांत परत आला, तर मागच्या डाव्या चाकाला दगड लावलेला. त्यानं विचारलं, कुणी लावला? कंपाउंडर म्हणाला, मी नाही. रखवालदार म्हणाला, मी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दगड तोच नसे, पण चाक तेच, डावं. दानीएल भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता, निदान तसं तो लोकांना सांगत असे. पण पंधरा दिवसांत त्याची अवस्था अशी झाली की जीप लावल्यावर मागं वळून बघायची त्याला भीती वाटे. न बघताही त्याला कळायचं की दगड आहे. तो मनातल्या मनात म्हणायचा, गहिनी, पुरे कर बाबा.

कॅथलिकांचं बरं असतं. फादरच्या खिडकीपाशी जाऊन गुडघे टेकले, सांगितलं, सुटले. दानीएलच्या चर्चमध्ये तशी सोय नव्हती. त्याला सगळं थेट देवालाच सांगावं लागे, आणि देवाला तर ते आधीच ठाऊक होतं. त्यामुळं सांगूनही हलकं वाटत नसे.

एकच रस्ता उरला होता, आणि तो म्हणजे शू. दानीएलनं स्वतःची समजूत घालून ठेवली होती की आपल्याकडून काम कच्चं झालं. शूवरच्या घासपट्टीला, लायनरला, तेल लागलं असेल. स्प्रिंग उलटी बसली असेल. तेवढी चूक सापडली, तेवढी दुरुस्त झाली, की गहिनी आपल्याला सोडेल. म्हणून दर महिन्याला ड्रम निघे. आणि दर महिन्याला तो जीप उतारावर उभी करून जीव खाऊन ढकली. ती हलत नसे. कधीच हलली नाही. त्या एकाच दिवशी का हलली, हे त्याला उमगत नव्हतं, आणि याच प्रश्नानं त्याची झोप खाल्ली होती.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत त्यानं दगड लावणारा हात पाहिला. किल्ली ठेवायला म्हणून तो आत गेला आणि खिडकीच्या फटीतून बघत राहिला. रंगुबाई आली, खराटा भिंतीला टेकवला, पदरातून दगड काढला, खाली बसून चाकाला नीट सारला, हातानं हलवून बघितला आणि निघून गेली. भूत परवडलं असतं. हिला सगळं कळलं आहे, हे त्याच्या मनानं घेतलं. ती तोंडानं काही बोलणार नाही, पोलिसांत जाणार नाही, फक्त रोज एक दगड लावत राहील, तो मरेपर्यंत. त्या दिवसानंतर तो तिच्या सावलीलाही भिऊ लागला.

त्या वर्षी दुष्काळ होता. आडात पाणी नाही, रस्त्यावर धूळ पावलाएवढी. एप्रिलमधल्या त्या रविवारी दानीएलनं शू तर बदललेच, वर मागची दोन्ही चाकंही उचलली, कारण टायरं आलटून-पालटून लावायची होती. मागचा एक्सल दोन घडीव चिऱ्यांवर टेकवला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावली. जीपच्या पलीकडच्या अंगाला, सावलीत, लिडिया रेशनचा मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, निवडत बसली होती. नवे शू बसले, ड्रम चढला, शाफ्ट जोडला गेला. दानीएलनं दांडी ओढली, खाली आला आणि ब्रेक धरतोय ना हे बघायला मागचं डावं चाक हातानं रेटलं.

चाक फिरलं.

जोर लावावा लागला, पण फिरलं. शू नवे, ड्रम कोरडा, दांडी वरपर्यंत ओढलेली, आणि चाक फिरतंय. त्यानं पुन्हा रेटलं. पुन्हा फिरलं.

"अहो," पलीकडून लिडिया म्हणाली. "हे चाक आपोआप फिरतंय."

"कोणतं?"

"इकडचं. उलटं फिरतंय. थांबलं बघा. कुणी हातही लावला नाही त्याला."

दानीएलनं डावं चाक पुढं रेटलं. उजवं मागं फिरलं, लिडिया सूप घेऊन उठून उभी राहिली. त्यानं तिला म्हटलं, तू हे चाक फिरवत राहा, आणि स्वतः जीपखाली गेला. ड्रम जागचा हलत नव्हता. शाफ्ट जागचा हलत नव्हता. शूंनी त्याला असं धरलं होतं की हत्तीनंही सुटला नसता. आणि दोन्ही चाकं मात्र फिरत होती, एक पुढं, एक मागं. दोन चाकांच्या मधला जो लोखंडी गोळा असतो, ज्यातले दाते वळणावर एका चाकाला जास्त आणि एकाला कमी फिरू देतात, त्याची ही करणी होती. शाफ्ट कितीही घट्ट धरा; एक चाक हवेत उचललं की ते उलटं फिरायला मोकळं, आणि ते मोकळं म्हणून जमिनीवरचंही मोकळं. ॲम्बेसेडरमध्ये असं होत नाही, तिचा ब्रेक प्रत्येक चाकाला वेगळा धरतो. जीपमध्ये व्हायचंच. कुणीही शू टाकले असते, कसेही टाकले असते, तरी त्या घाटात चाक उचलल्यावर गाडी जाणारच होती. तिला थांबवणारी एकच वस्तू होती, आणि ती गहिनीनाथनं हातात आणली होती.

मग बाहेर येऊन त्यानं लिडियाला समजावून सांगितलं. तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं तिनं या माणसाला आतून कुरतडला जाताना बघितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या हातून काही चुकलंच नव्हतं. देवानं आज सोडवलं तुम्हाला."

दानीएलला ते ऐकवेना. शूंची चूक होती तोवर त्याला एक आडोसा होता. दर महिन्याला त्या आडोशाला जाऊन तो स्वतःला शिक्षा करून घेत होता, आणि खरं जे होतं त्याकडे बघायचं टाळत होता. आता आडोसा गेला. त्याला स्वतःची किळस आली.

"लिडिया," तो म्हणाला, "दगड त्यानं आणला होता. मी टाकायला लावला. पोलिसांत मी खोटं बोललो."

सुपातला मिलो तिनं डब्यात ओतला. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? मी कोण त्याची?"

तो तसाच निघाला, ग्रीसच्या हातांनी. मागच्या गल्लीत पाण्याचा टँकर यायचा होता, म्हणून बायामाणसं हंडे-कळशा ओळीनं मांडून आपापल्या उंबऱ्यावर बसली होती. रंगुबाई दारातच होती. त्याला बघून तिनं पदर सावरला.

"या डायवरभाऊ. आज सुट्टीचं कसं येनं केलं?"

त्यानं आवाज खाली आणला. "रंगुबाई, तुमी गाडीला दगड लावता. मी बघितलं."

ती ओशाळली. "बघितलं व्हय? राग मानू नका. आमच्या मालकांकडून एकदा इसरलं अन् जीव गेला त्यांचा. तुमी सांगितलेलं, तरी इसरले. आता त्यांचं ऱ्हायलेलं काम हाय, म्हनून मी करती. कुनाला आनखी असं हू नये. जगाला हसू झालंय त्यांचं नाव, तेवढं तरी फिटावं."

दानीएलला वाटलं होतं ती बोट दाखवते आहे. ती नवऱ्याचं प्रायश्चित्त घेत होती, त्यानं न केलेल्या चुकीचं, रोज, वाकून. याहून तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"त्यो इसरला न्हवता," तो म्हणाला.

"काय?"

"गहिनी इसरला न्हवता. न सांगता दगड घेऊन आला हुता. मी म्हनालो टाक. माज्या शब्दावर त्यानं टाकला. पोलिसांना मी खोटं सांगितलं."

"का?"

"भ्यालो."

रंगुबाई रडली नाही. तिनं दाराची चौकट धरली. "तुमी डोळ्यानं बघितला त्यांच्या हातात दगड?"

"बघितला."

"चांगला मोठा हुता?"

"हुता. गाडी थांबली असती."

ती आत वळली. "या. आत्याबाईंना सांगा. मोठ्यानं सांगा, त्यांना ऐकू कमी येतं."

आत अंधाऱ्या कोपऱ्यात छबूबाई पोत्यावर बसली होती. लेक गेल्यापासून तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, गावात कुणी काढलं तर ती उठून जाई. दानीएल तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सांगितलं. म्हातारीनं कानामागं हात धरला. "काय म्हंतोय ह्यो?"

त्यानं आवाज चढवून पुन्हा सांगितलं. गल्लीतली कुजबुज थांबली. तिनं मान हलवली, ऐकू येत नाही म्हणून.

दोन वर्षं जे त्यानं बायकोपासून, गावापासून, स्वतःपासून लपवलं होतं, ते आता घसा ताणून ओरडून सांगण्यावाचून इलाज नव्हता. त्यानं तोंड तिच्या कानाजवळ नेलं. "गहिनी दगड इसरला न्हवता आजी. आनला हुता. मी टाकायला लावला. चूक माजी हुती."

दारात माणसं जमली. कुणाच्या हातात कळशी, कुणाच्या काखेत पोर. छबूबाई खाली बघत होती. तिचा हात कानामागून हळूच निघाला आणि मांडीवर पडला.

"माजा गहिनी इसरला न्हवता," ती म्हणाली.

"न्हाई आजी."

"परत सांग."

दानीएलनं रंगुबाईकडे बघितलं. त्याचा घसा बसला होता, आणि दारातली एकेक नजर त्याला ओळखीची होती.

"ऐकू आलंय त्यांना," रंगुबाई म्हणाली. "तुमी सांगा."

दानीएलनं दाराकडे तोंड केलं आणि पुन्हा सांगायला लागला.